मागच्या रांगेतली मूस

५ मार्च

ठिणगे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी जिवंत आहे. मेले असते तर शेजारणीने तुला फोन केला असता, तेवढी हौस तिला आहे. तिच्या फोनवरून बोलायचं म्हणजे आपलं बोलणं आधी तिच्या कानातून आणि मग सगळ्या गल्लीतून जाणार, म्हणून लिहितेय. तुझ्या बापाचा फोन चौकशीवाल्यांनी नेलाय. बापालाही नेलंय.

आता खाली बसून वाच. मागच्या मंगळवारी ओताऱ्याकडे आपली मूस फुटली. वितळलेल्या पितळेने काठोकाठ भरलेली, चिमट्यात उचललेली, आणि अर्ध्या वाटेत तिचं बूड सुटलं. सगळं पितळ त्याच्या पायांवर. डावा पाय वाचेल म्हणतात, उजव्याचं कुणी बोलत नाही. तुझ्या बापाचा तो लंगोटीयार. आणि तुझा बाप तपासनिसापुढे उभा राहून काय म्हणाला, तर "मूस आमच्या भट्टीतली. आग मी थांबवली. कच्ची राहिली असेल." एवढं बोलला आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यांनी लिहून घेतलं आणि त्याला उचललं.

कच्ची कशी राहील? भट्टीच्या भोकातून रंग मी बघितला होता. संत्र्याच्या सालीसारखा लख्ख. पन्नास वर्षं मीच बघते. माझ्या सासूनंतर त्या भोकाला दुसऱ्या कुणी डोळा लावलेला नाही, आणि मी 'बास' म्हटल्याशिवाय आग थांबत नाही हे या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. घोळ ओताऱ्यानेच घातला असणार. ओला तुकडा टाकला असेल, नाहीतर गार मूस एकदम निखाऱ्यात ठेवली असेल. माणूस भाजला म्हणून त्याची चूक पुण्यवान होत नाही.

तू तिथे दिवसभर मातीच भाजतेस ना? शिकून शिकून चष्मा लावून घेतलास, आता एकदा घराच्या कामी ये. फुटलेल्या मुशीचे दोन तुकडे पाठवतेय. तपासनिसाची पाठ वळली तेव्हा उचललेत. मूस पक्की होती असा शिक्क्याचा कागद दे. अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तोवर कागद आला नाही तर दोन वर्षं कुठे गेली नाहीत, असं वकील म्हणतो. दोन वर्षांत भट्टी थंड होईल आणि तुझा बाप म्हातारा.

तुकडे तू दिलेल्या शालीचा काठ फाडून त्यात गुंडाळलेत. मी आपली पिवळी म्हणून वापरत होते, चांगली पांढरीशुभ्र निघाली. भट्टीपुढे बसणारीला पांढरी शाल देणारी तू, तुझ्या अकलेला काय म्हणावं.

आजी

---

९ मार्च

आजी,

तुकडे मिळाले. पत्र वाचलं आणि त्याच दिवशी तपासायला घेतले. त्यांचा काही उपयोग नाही. का ते सांगते.

माती वाळली की तिच्यातलं पाणी गेलं असं आपण म्हणतो. भिजलेलं जातं, पाणी उकळतं तेवढ्याच धगीला. पण मातीच्या कणाच्या अंगात बांधलेलं आणखी पाणी असतं. कण पापुद्र्यांचा असतो, त्या पापुद्र्यांत ते बसलेलं असतं. हाताला ओलं लागत नाही. पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवली की ते सुटतं, आणि ते सुटलं की पापुद्रे कोसळतात. तेव्हा ती माती राहिलेली नसते आणि मूसही झालेली नसते. मग हजाराच्या वर नेली की आत सुयांसारखे बारीक स्फटिक उगवतात आणि एकमेकांत अडकून बसतात. मुशीची सगळी ताकद त्या सुयांची.

पण तू पाठवलेली मूस नंतर ओतारीकाकांच्या निखाऱ्यांत गेली. तिच्यात पितळ वितळलं. म्हणजे आपल्या भट्टीत जे व्हायचं राहिलं असेल, ते तिथे होऊन गेलं. पुरावाच भाजला गेला.

मला त्याच भट्टीतली, अजून न वापरलेली मूस हवी. फुटलेली ज्या रांगेतली होती, त्याच रांगेतली. लवकर पाठव. आणि मी येऊ का?

ठिणगी

---

१३ मार्च

ठिणगे,

पत्र तीनदा वाचलं. पाचशे-सहाशे मला कळत नाही. मला काळपट, गाजरी, संत्री आणि लिंबू एवढंच कळतं आणि त्यावर या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या. पण अंगात बांधलेलं पाणी पटलं. तुझा आजोबा गेला तेव्हा सगळे मला कोरडी म्हणाले होते.

फुटलेली मागच्या रांगेतली होती. त्या रांगेतल्या दोन मांडणीवर शिल्लक होत्या. एक तुला पाठवतेय, एक माझ्याकडे ठेवलीय. येऊ नकोस. येऊन काय करणार, माझ्या शेजारी बसून हात चोळणार? त्याला एक जोडी पुरे. तू तिथे यंत्रापाशी बस.

बापाला भेटले. जाळीपलीकडून विचारतो, "आई, जेवतेस ना?" मी म्हटलं, "माझ्या जेवणाचं सोड, तू खोटं का बोललास?" तर नखं बघत बसला. लहानपणी साखर चोरली की असाच बसायचा. या वेळी काय चोरलंय ते कळेना.

गल्लीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. काल पाणी भरायला गेले तर चार बायका एकदम गप्प. या बायका गप्प बसलेल्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. ओतारीण समोरून आली, मान वळवून गेली. तिला वळवू दे. तुझा कागद आला की मी मान ताठ करून तिच्या दारात जाणार आहे. पंधरा दिवस राहिलेत. घाई कर.

आजी

---

१८ मार्च

आजी,

मूस कुटून पूड केली, तराजूला टांगलेल्या भट्टीत ठेवली आणि हळूहळू तापवत वजन बघत बसले. नीट भाजलेल्या मुशीचं वजन हलत नाही. तिच्याकडे सोडायला काही उरलेलंच नसतं. हिचं वजन पाचशेच्या आसपास उतरायला लागलं आणि उतरतच राहिलं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा सरांना शेजारी बसवून केलं.

बांधलेलं पाणी निम्मं अजून आत होतं. सुया एकही नाही. आजी, मूस कच्ची होती.

समोर तू म्हणतेस तसा रंग असेलही. पण धग मागच्या रांगेला पोचायला वेळ लागतो आणि तो वेळ तिला मिळाला नाही. अशी मूस निखाऱ्यात ठेवली की उरलेलं पाणी एकदम सुटतं, अंग आकसतं, केसाएवढ्या भेगा पडतात. रिकामी असेपर्यंत त्या दिसत नाहीत.

मला वाटतं, तू रंग बघून आत गेलीस आणि बाबांनी आग लवकर आवरती घेतली. त्यांची घाई मला ठाऊक आहे. शाळेत माझं नाव घालायला गेले होते ते फॉर्मवर माझंच नाव लिहायचं विसरून आले होते. तेव्हा हसलो आपण. आता एका माणसाचा पाय जातोय आणि मला त्यांचा इतका राग आलाय की भेटायला यायचीही इच्छा नाही.

खोटा कागद मी देणार नाही. तू मागू नकोस.

ठिणगी

---

२० मार्च

ठिणगे,

तुझा तराजू मोडलाय असं लिहायला बसले होते. मग म्हटलं आधी खात्री करू. माझ्याकडची मूस रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकली. सकाळी काढून तिच्या काठाला नख लावलं. नखात माती आली. भाजलेल्या मुशीवर खिळा चालत नाही, ठिणगे, आणि माझं नख चाललं.

मग मी ते नख धुतलंच नाही. तशीच बसून राहिले.

बापाला शिव्या देऊ नकोस. तो तुला उत्तर द्यायला बाहेर नाही, आणि मी गप्प राहून तुला बोलू दिलं तर मला घास उतरायचा नाही. मी आत गेले नव्हते. भोकापाशीच होते. तो हातात लाकूड घेऊन उभा होता. म्हणाला, "आई, अजून दोन तास तरी लागतील." मी काय म्हणाले ऐक. "तू माझ्या पोटात होतास तेव्हापासून हा रंग बघतेय. मला शिकवतोस?" त्याने लाकूड खाली ठेवलं. एवढंच. त्यानंतर त्याने या विषयावर जी तोंडाची घडी घातली ती तपासनिसापुढेच उघडली, आणि तीही माझ्यावर येऊ नये एवढ्यापुरती.

पण रंग मी बघितला होता गं. संत्र्याची साल. मी खोटं बोलत नाहीये. इतका लख्ख बघितला की कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मग मूस कच्ची कशी राहिली? मला वेड लागायची वेळ आलीय. भोकापुढे जाऊन बसते आणि थंड भट्टीत बघत राहते, जणू काही ती सांगणार आहे.

तो कागद कुणाला पाठवू नकोस. जाळून टाक. हा गेला तर माझ्या पापाने जाईल आणि मी इथे भाकरी मोडत बसेन. पाया पडते असं मी कुणाला म्हटलेलं नाही, सासूलाही नाही. तुला म्हणते.

आजी

---

२२ मार्च

आजी,

कागद जाळलेला नाही. पाठवलेलाही नाही. बाबांविषयी जे लिहिलं त्याची लाज वाटतेय, ते त्यांनाच सांगेन.

आधी एक सांग. पहिल्या पत्रात तू लिहिलंस की शाल पांढरीशुभ्र निघाली. ती शाल तीन वर्षं तुझ्या अंगावर आहे आणि तीन वर्षं तू मला ऐकवतेस, "हे पिवळं धम्मक कुठून उचलून आणलंस?" मग ती पांढरी कधी झाली? तुझी पत्रं आता पुन्हा काढून बघितली. गेल्या वर्षी तुझ्या ओळी एकमेकींवर चढायच्या. या वेळी सरळ आहेत.

तू मोतीबिंदूचा डोळा करून घेतलास का? कधी? ती भट्टी लावायच्या आधी की नंतर?

लोहाराकडे जा. त्याला सळई तापवायला सांग. आधी एका डोळ्यावर हात ठेवून बघ, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा काय रंग दिसला ते लिही. आजच जा. सहा दिवस राहिलेत.

ठिणगी

---

२४ मार्च

ठिणगे,

केला. जानेवारी संपता संपता, उजवा. डावा राहिलाय. भट्टी त्यानंतर आठ दिवसांनी लावली.

तुला सांगितलं नाही कारण तू तीन वर्षं त्या मोतीबिंदूच्या मागे लागली होतीस आणि मी म्हटलं होतं, डोळ्यात सुई खुपसून घ्यायला मी काय गोधडी आहे? मग केला हे कुठल्या तोंडाने सांगू. ठरवलं होतं, तू सुट्टीत आलीस की तुझ्या डोक्यातला पांढरा केस लांबून दाखवायचा आणि तुझं तोंड बघायचं. बापाला बरोबर नेलं होतं, त्याला शपथ घातली होती. डोळ्याचा संशय त्याला आधीच आला असणार. जाळीपलीकडे तो नखं का बघत होता ते आता कळलं.

लोहाराकडे गेले. एक डोळा झाकून उभी राहिले तर मेला म्हणतो, "आजी, या वयात डोळा मारता?" मी म्हटलं, "तुला मारायला डोळा वाया नाही घालवत, तू सळई धर." धरली. डाव्याने बघितली, गाजरी. काळपटाकडे झुकलेली गाजरी. उजव्याने बघितली, संत्र्याची साल. पुन्हा डाव्याने. पुन्हा उजव्याने. सळई तीच, लोहार तोच, आणि तोवर त्याचं हसणं थांबलं होतं, कारण मी खाली बसले होते.

डॉक्टरने सांगितलं होतं, वर्षानुवर्षं धगीपुढे बसून डोळ्यातलं भिंग शिजतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं. एकदा शिजलं की परत पातळ होत नाही, काढूनच टाकावं लागतं. तेव्हा मी म्हटलं, काढ बाबा. आता सगळं जुळतं. डोळा पिकत गेला तसतसं माझं संत्रं पुढे पुढे सरकत गेलं. मला संत्रं दिसायचं तेव्हा आत लिंबू झालेलं असायचं. दहा वर्षं मी गरजेपेक्षा जास्त भाजत होते आणि लोक म्हणत होते, म्हातारीच्या मुशीला तोड नाही. आधी संत्रं दिसल्यावरही मागच्या रांगेसाठी थांबायचे, ती सवय या दहा वर्षांत सुटली, कारण मला संत्रं दिसेतो मागची रांगही भाजलेली असायची. डोळा आंधळा होता तोवर मूस पक्की निघत होती. डोळा बरा झाला आणि मला खरं संत्रं दिसलं, आणि मी म्हटलं, बास.

खरा कागद पाठव. कुरिअरने. त्यात एक अक्षर गोड करू नकोस. डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे. दोन्ही घेऊन मी जाणार आहे. वकिलाला सांगितलं नाही, तो आडवा पडेल.

आजी

---

२५ मार्च

आजी,

कागद सोबत आहे. सरांची सही आणि शिक्का आहे.

मी तीन वर्षं तुझ्या मागे लागले. दर फोनला, दर सुट्टीला. तू नाही म्हणत होतीस. मी मागे लागले नसते तर ओतारीकाका आज चालत असते. इथे भट्टीच्या काचेतून आतला रंग दिसतो, मला तिकडे बघवत नाही. कामावरून उठून बाहेर येते.

तुला नेलं तर मी काय करू?

ठिणगी

---

६ एप्रिल

ठिणगे,

रडगाणं आधी आवर. डोळा तू दिलास. तोंड माझं होतं. नवीन डोळा आला तर माणसाने दोन भट्ट्या गप्प बसून त्याच्याकडून शिकावं. मी सासूची ऐट घेऊन बसले. यातलं तुझ्या वाट्याला काही येत नाही, उगाच हात पसरू नकोस. कामावर जा आणि त्या काचेतून बघ. बघणं सोडलंस तर मी तिथे येऊन तुझा कान धरेन.

सुनावणीचं सांगते. मी दोन्ही कागद साहेबापुढे ठेवले आणि म्हटलं, आग माझ्या शब्दाने थांबली. तुझा बाप उठून उभा. "साहेब, म्हातारी मला वाचवायला खोटं बोलतेय." मी म्हटलं, "साहेब, त्याला एवढंच विचारा, अजून दोन तास लागतील असं त्या दिवशी कोण म्हणालं होतं." साहेबाने विचारलं. पुन्हा विचारलं. मग रडला, अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, सगळ्यांसमोर. साहेबाने कागद वाचले, तारखा बघितल्या, मला विचारलं, "आजी, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?" मी म्हटलं, "डोळा चुकला, डोकं नाही."

त्याला सोडलं. त्याच्या जागी माझं नाव लिहिलं. वय बघून मला ठेवून घेतलं नाही, तारखेला हजर राहायचं. वकील म्हणतो, म्हाताऱ्या बाईला माफ करतील. मी म्हटलं, माफ करणारा दवाखान्यात पडलाय, हे कोण लागून गेले?

तिथून तशीच दवाखान्यात गेले. उजवा पाय गुडघ्याखाली काढलाय. ओतारीण उठून दाराबाहेर गेली, मला पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं. मी त्याला सगळं सांगितलं, डोळ्याचं, दोन तासांचं. तो वर छताकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, निखाऱ्यात ठेवायच्या आधी मी मुशीला टिचकी मारली होती. रोज मारतो. आवाज बोदा आला, पक्क्या मुशीसारखा खणखणीत नाही. पुन्हा मारली, पुन्हा बोदा. मग मनात म्हटलं, माझाच कान चुकत असेल. भोकाला तुम्ही बसला होतात ना."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. मी उभी राहिले, काय करणार. तुझ्या बापाच्या डोळ्याला कळलं होतं. याच्या कानाला कळलं होतं. तिघांत एकटी मी चुकीची होते आणि दोघांनी माझं ऐकलं. पन्नास वर्षं मी तेच तर शिकवत होते सगळ्यांना.

काल तुझ्या बापाने भट्टी लावली. ओतारी अंथरुणावरून निरोप पाठवतोय, गल्लीत मुशी नाहीत, काम थांबलंय, लावा म्हणून. मी भोकाकडे पाठ करून बसले. दुपारी हा येऊन माझ्यासमोर उभा.

"आई, बघतेस?"

"नाही."

"एकदाच बघ. मग नको."

"तुला काय दिसतं?"

बराच वेळ भोकापाशी होता. "संत्रं वाटतं."

"वाटतं की आहे?"

"आहे. पण पुढे. मागच्या रांगेला अजून नाही."

"मग?"

"दोन तास. तीनही लागतील."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? लाकूड घाल."

घातलं. माझ्या पाठीला धग लागत होती आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. तीन तासांत एकदाही वळले नाही. या हाडांनी आजवर बरंच सोसलंय, पण इतकं अवघड काही केलेलं नाही. त्याने 'बास' म्हटलं तेव्हा त्याचा आवाज फाटला होता.

आज भट्टी उघडली. मागच्या रांगेतली एक तुला पाठवतेय. तुझ्या तराजूला टांग. वजन हललं तर मला कळवू नकोस. त्याला कळव.

आजी